टाळी वाजेपर्यंत

दारात भुंगीच्या वडिलांनी तिला माझ्या हातात दिलं आणि माझ्या कमरेत काहीतरी कट्‌कन वाजलं. आवाज बाहेर ऐकू गेला की काय म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते घड्याळाकडे पाहत होते. म्हणजे नव्हता गेला. "आज रडली नाही बघा, बाई," ते म्हणाले, "येताना रस्ताभर गाणं चालू होतं." भुंगी गाणं म्हणत नाही, ती गुणगुणते, नाकातून, एकसारखी, ना शब्द ना चाल. म्हणूनच मी तिला भुंगी म्हणायला लागले आणि आता तिच्या घरचेही तेच म्हणतात. आत्ताही ती माझ्या गळ्याशी गुणगुणत होती आणि ते गुणगुणणं मानेवरून उतरत थेट त्या कट्‌ वाजलेल्या जागेपर्यंत पोचत होतं. मी हसले. दारात हसणं हे आमचं निम्मं काम आहे. मूल सोडून जाणाऱ्याला पाठ फिरवायचा धीर त्यातून मिळतो. वडील पाठमोरे झाले तसा मी एक हात भिंतीला टेकला. आता हिला खाली ठेवायचं म्हणजे वाकायचं, आणि वाकायचं म्हणजे पुन्हा सरळ व्हायचं. मी तिथेच उभी राहिले आणि मला भीती वाटली. दुखलं म्हणून नव्हे. दुखणं आता घरचंच झालंय, त्याला मी पाहुण्यासारखं विचारत नाही. भीती वाटली ती अशी की मघाशी क्षणभर माझे हात सैल पडले होते. भुंगी थोडी खाली घसरली होती, आणि त्या क्षणी मी तिला धरलं होतं की तिनं मला, हे मला सांगता येईना.

आमच्या वर्गात सगळं गुडघ्याएवढं आहे. टेबलं, खुर्च्या, हात धुवायची बेसिनं, पुस्तकांची कपाटं, कोट अडकवायच्या खुंट्या. बाहेरचं कुणी आलं की "किती गोड!" म्हणतं, आणि खुर्चीवर बसून बघतं, आणि उठताना टेबलाचा आधार घेतं. आम्ही त्या गोड जगात दिवसभर घडी घातल्यासारख्या वावरतो. बुटांच्या पट्ट्या, कोटांच्या चेनी, शेंबूड, सांडलेला रंग, टेबलाखाली रुसून बसलेलं कुणीतरी. फिजिओथेरपिस्टकडे गेले तेव्हा तिनं विचारलं, "दिवसातून किती वेळा वाकता?" मी म्हटलं, "उभी किती वेळा राहते ते विचारा, उत्तर लवकर मिळेल." ती हसली नाही. पोरसवदाच होती, पण आपलं काम चोख जाणणारी. तिनं मला जमिनीवर एक गुडघा टेकून बसायला शिकवलं. मूल आधी छातीशी घ्यायचं, मग उठायचं. हात लांब करून कधी उचलायचं नाही. उचलता उचलता वळायचं तर मुळीच नाही. चाकांचं बुटकं स्टूल मागून घ्या म्हणाली, मुलांना चढायला दोन पायऱ्यांचा ठोकळा करून घ्या, उचलायच्या कामात दुसऱ्या कुणाला तरी सोबत घ्या. "आणि शाळेत सांगा," ती म्हणाली. "लपवून पाठ बरी होत नाही." मी मान डोलावली. सगळं अगदी बरोबर होतं. पण स्टूल मागायचं तर का हवं ते सांगावं लागतं, आणि ठोकळा सुताराकडून आला की तो कुणासाठी आला ते सगळ्या शाळेला कळतं. मी व्यायाम तेवढे घरी नेले. रोज सकाळी पलंगाशेजारी चटईवर पडून गुडघे पोटाशी घेते, आणि छताकडे बघवत नाही म्हणून डोळे मिटते.

छताकडे का बघवत नाही, ते नवऱ्यालाही मी नीट सांगितलेलं नाही. आई धुलाईखान्यात होती. मोठ्या मशीनमधून ओल्या चादरींचे पिळे उपसून गाड्यात टाकायचे, एवढंच काम. एक दिवस दोघा माणसांनी तिला उचलून घरी आणलं. आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो, फळ्यांची जमीन होती. खिडकीखाली पातळ गादी घातली आणि त्यावर आई छताकडे डोळे लावून पडली, आणि ते किती काळ चाललं हे त्या वयात मला मोजता येत नव्हतं. माझं सगळं लहानपणच त्यात गेलं असं आता वाटतं. मी चालले की फळ्या हलायच्या. फळ्या हलल्या की आईच्या तोंडातून एक बारीक आवाज यायचा. ती कधी ओरडली नाही. "हळू चाल गं राणी," एवढंच म्हणायची, आणि त्या राणीपायीच मला रडू यायचं. मग मी शिकले. भिंतीच्या कडेकडेनं, चवड्यांवर, जिथे फळ्या खिळ्यांनी घट्ट बसल्या होत्या तिथूनच पाय टाकत जायचं. शाळेतून आल्यावर दारातच उभी राहायची, श्वाससुद्धा दाबून, ती डोळे उघडून "ये" म्हणेपर्यंत. चमच्यानं तिला पाणी पाजताना माझा हात कापायचा, कारण हनुवटीवर थेंब पडला तरी ती दचकेल आणि दचकली तर दुखेल. आई पुढे उठली, कामालाही लागली, म्हातारी होऊन गेली. टेकल्या नाहीत त्या माझ्या टाचा. "घरात मांजर पाळायची काय गरज," नवरा म्हणतो, "तू आहेसच." लहान मुलांच्या शाळेत मी आले ती बहुतेक त्यांचं धावणं ऐकायलाच. आमचा वर्गही वरच्या मजल्यावर, लाकडी जमिनीचा. सकाळी सगळी एकदम धावली की खालच्या ऑफिसातले दिवे थरथरतात, आणि मोठ्या बाई छताकडे बघून कपाळाला हात लावतात.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्या वाईट नाहीत. वाईट असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांचा नियम एका ओळीचा आहे: जिला मूल उचलता येत नाही, तिच्या हाती मूल नाही. शेजारच्या वर्गाच्या बाईंची पाठ गेली तेव्हा त्यांनी त्यांना काढलं नाही. उलट काळजीनं, पाठीला उशी लावलेल्या उंच खुर्चीवर, सामानाच्या खोलीत बसवलं. त्या तिथे फाटलेली चित्रांची पुस्तकं चिकटवतात. सुरुवातीला त्यांच्या वर्गातली मुलं दारातून डोकावायची, "बाई, बाई" करायची. मग नुसता हात हलवायची. मग एकदा त्यांच्याच वर्गातल्या एका पोरानं मला विचारलं, "त्या डिंकवाल्या बाई कोण आहेत?" मी त्या खोलीत डिंक आणायलासुद्धा जात नाही. सकाळी नवरा माझ्या कमरेला पट्टा आवळून बांधतो, वरून मी सैल कुर्ता घालते. "लढाईला चाललीस की शाळेला?" तो रोज विचारतो. एकदा मात्र बांधता बांधता थांबला आणि म्हणाला, "सांगून टाक ना त्यांना. आज ना उद्या बिंग फुटणारच." मी म्हटलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची." तो म्हणाला, "मुठीत पोरं आहेत गं, म्हणून म्हणतो." तो बोलला ते मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे. रात्रंदिवस तेच तर मनात घोळतं: एखाद्या दिवशी कुणीतरी पडेल, धडपडेल, बुडेल, गुदमरेल, आणि मी दोन हातांच्या अंतरावर उभी असेन, आणि पाठ म्हणेल, नाही. पण दुसऱ्या बाजूला ती डिंकाची खोली होती. एका भीतीकडे पाठ केली की दुसरी समोर यायची, आणि पाठ करायला पाठ तरी धड कुठे होती.

तेव्हा मी स्टॅच्यू काढला. काढला म्हणजे सुचला. एकदा सांडलेले ठोकळे गोळा करताना कंबर अशी धरली की मी अर्धी वाकलेली तशीच राहिले, एक हात टेबलावर, एक पाठीवर. मुलं बघायला लागली. मुलांचं बघणं फार वाईट. ती काही समजत नाहीत आणि सगळं ओळखतात. माझ्या तोंडून निघून गेलं, "स्टॅच्यू!" सगळी जिथल्या तिथे थिजली. मीही थिजलेलीच होते, त्यामुळे खेळ खरा वाटला. कळ ओसरली, दोन्ही हात मोकळे झाले, मी सरळ होऊन टाळी वाजवली, आणि मुलं खिदळत सुटली. "बाई, परत!" त्या दिवसापासून तो आमच्या वर्गाचा लाडका खेळ झाला. नियम ठरले. हलायचं नाही, बोलायचं नाही, काहीही झालं तरी. टाळी वाजेपर्यंत. माझ्या मुलांइतके पक्के पुतळे दुसऱ्या कुठल्या वर्गात नाहीत, मोठ्या बाईंनी एकदा दारातून पाहिलं आणि म्हणाल्या, "काय शिस्त लावलीत हो!" मी लाजल्यासारखं केलं. फक्त भुंगीला जमायचं नाही. हातपाय दगडासारखे ठेवायची, पापणी हलवायची नाही, पण आतून गुणगुणणं चालूच. "बाई, भुंगी वाजतेय!" मुलं तक्रार करायची, आणि बोलल्याबद्दल तक्रार करणारी मुलंच बाद व्हायची. मी मात्र त्या आवाजावर भार टाकून कळ ओसरायची वाट पाहत असे. कुणी जवळ बसून हात धरावा तसं ते वाटायचं, हे आता म्हणते. तेव्हा एवढंच कळत होतं की तिचं वाजणं मला बरं वाटतंय.

तर त्या दिवशी, कट्‌ वाजलेल्या कमरेनं, मी डब्याच्या सुट्टीपर्यंत आले. जपून आले. वाकायची कामं मावशींवर ढकलली. मावशी म्हणजे आमच्या मदतनीस. वर्ग पुसतात, मुलांना बाथरूमला नेतात, आणि माझी पाठ कशी आहे ते त्यांना कुणी न सांगता ठाऊक आहे. "आज चेहरा बरा नाही तुमचा," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "झोप झाली नाही." "हं," त्या म्हणाल्या, आणि एका मुलाची चड्डी ओली झाली होती म्हणून त्याला घेऊन बाहेर गेल्या. मुलं डबे उघडून बसली. भुंगीच्या डब्यात द्राक्षं होती, टपोरी, अख्खी. आमच्याकडे द्राक्ष उभं चिरून मगच द्यायचं. प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी हे शिकवतात, बाहुलीच्या गळ्यात अडकवून दाखवतात. चिरायची ती बोथट सुरी माझ्या खणात असते. त्यासाठी त्या बुटक्या खुर्चीवर बसायचं, टेबलावर वाकायचं आणि पुन्हा उठायचं. मी डब्याकडे पाहिलं. खुर्चीकडे पाहिलं. मावशी आल्या की त्यांना सांगू, असं मनाशी म्हटलं. "सावकाश खायचं हं," मी भुंगीला म्हणाले, जणू सावकाश म्हटलं की द्राक्ष लहान होतं.

पलीकडच्या टेबलावरून पाण्याचा पेला लवंडला आणि घरंगळत माझ्या पायाशी आला. सवय वाईट. गुडघा न टेकता, कमरेतून, हात लांब करून मी तो उचलायला गेले आणि पाठ बंद झाली. दुसरा शब्द नाही. कुणी आतून दार लोटून कडी घालावी तशी. डोळ्यांपुढे पांढरं झालं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "स्टॅच्यू!" आणि वर्ग थिजला. कुणाचा घास तोंडाशी, कुणी अर्धवट उठलेलं, कुणाचा हात डब्यात. पाणी टेबलाच्या कडेवरून ठिबकत होतं तेवढाच आवाज. मी टेबल धरलं. नाकानं श्वास आत, तोंडानं बाहेर, फिजिओनं शिकवल्यासारखा. पाठीत एक मूठ वळलेली होती, ती उघडेल म्हणून मी वाट पाहत होते, आणि त्या शांततेत मला बरं वाटलं. सगळा वर्ग असा कधीच शांत नव्हता. अगदी कुणाचाच आवाज नाही, भुंगीचासुद्धा नाही. मला तिचं कौतुक वाटलं. हे मला कधीही विसरता येणार नाही, की मला आधी कौतुक वाटलं. "शाबास," मी टेबलाकडे बघतच म्हणाले, "आज आमची भुंगीसुद्धा वाजत नाही बघा." कुणी हललं नाही. मी आणखी एक श्वास घेतला. मग मनात कुठेतरी खूप लांबून एक गोष्ट आली. भुंगी वाजत नाही. झोपेत वाजते, रडताना वाजते, पाणी पिताना पेल्यात वाजते. भुंगी वाजत नाही असं होत नाही. मी मान वर केली. ती खुर्चीवर ताठ बसली होती. हात मांडीवर, नियमाप्रमाणे. तोंड किंचित उघडं. ओठांचा रंग जांभळा. डोळे माझ्यावर लागलेले, एवढे मोठे, आणि त्यांतून ती माझ्याकडे टाळी मागत होती.

मी तिथे कशी पोचले ते मला माहीत नाही. पाठीनं काय म्हटलं तेही नाही. जे जे करू नका म्हणून सांगितलं होतं ते ते मी सगळं एका झटक्यात केलं. हात लांब करून, कमरेतून, वळता वळता तिला काखेत धरून खुर्चीवरून उपसलं आणि त्याच खुर्चीवर बसले, तिला मांडीवर पालथी घेतली, डोकं खाली, आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळव्याच्या बुडानं मारलं. बाहुलीला मारायचो तेव्हा हसायचो आम्ही. पुन्हा मारलं. किती लहान पाठ होती ती, माझ्या हाताएवढी, आणि आत काहीच हलत नव्हतं. पुन्हा. 'नको, नको, नको' असं कुणीतरी म्हणत होतं, ती मीच होते. पुन्हा मारलं आणि ते द्राक्ष बाहेर पडलं, अख्खं, सालीला ओरखडासुद्धा नाही, आणि टेबलाखाली गेलं. एक क्षण काहीच नाही. मग भुंगीनं श्वास ओढला, दाराची बिजागरी करकरावी तसा, आणि टाहो फोडला. तो ऐकून माझ्या अंगातलं सगळं गळून गेलं. मी तिला घेऊन एका बाजूला कलले, खुर्ची सरकली, आणि तिला छातीवर धरून मी जमिनीवर आडवी झाले. यावेळचा कट्‌ सगळ्या वर्गाला ऐकू गेला असणार.

खालून वर्ग वेगळा दिसतो. टेबलांच्या पोटांना वाळलेली माती चिकटलेली, कुणीतरी रंगीत खडूनं गुपचूप रेघोट्या मारलेल्या. त्याच्यावर छत. ते बघायचं नाही म्हणून मी रोज डोळे मिटत होते, आणि आता डोळे मिटायची भीती वाटत होती. पायांची बोटं हलवून पाहिली. हलली. बाकी मी नव्हतेच, नुसतं एक दुखणं होतं आणि त्यावर हुंदके देणारं एक ऊबदार मूल. "अगंबाई!" दारातून मावशींचा आवाज आला. त्या धावत आल्या, भुंगीला माझ्यावरून उचललं, तिचं तोंड पाहिलं, माझं पाहिलं. मी काय झालं ते सांगितलं, तुटक तुटक. मावशींनी सांडलेल्या पाण्याकडे नजर टाकली आणि खाली बसून हळूच म्हणाल्या, "पाय घसरला म्हणून सांगते. पाणी आहेच सांडलेलं. पोरीला वाचवलंत तुम्ही, कोण काय विचारणार आहे?" खरंच कुणी विचारलं नसतं. आठ-पंधरा दिवस विश्रांती, फुलं, मोठ्या बाईंचा फोन, आणि परत याच वर्गात. किती सोपं होतं. मी टेबलाखाली पाहिलं. द्राक्ष तिथेच होतं.

"नको," मी म्हणाले. "मोठ्या बाईंना बोलवा. भुंगीला आधी डॉक्टरकडे न्या म्हणावं, घरी कळवा म्हणावं. आणि सांगा, द्राक्षं मी चिरली नव्हती. का चिरली नव्हती तेही सांगा."

"वर्ग जाईल हो तुमचा."

"जाईल."

मावशी उठल्या, भुंगीला कडेवर घेतलं आणि दाराशी जाऊन थबकल्या. "आणि ही पोरं अशी का थिजली आहेत?" मी मान वळवता येईल तेवढी वळवली. मुलं तशीच होती. घास तोंडाशी, हात डब्यात, अर्धवट उठलेलं ते तसंच अर्धवट. एकाच्या गालावरून पाणी ओघळत होतं, ते पुसायलासुद्धा त्यानं हात उचलला नव्हता. मैत्रीण समोर निळी पडली, बाई कोसळल्या, आणि कुणी हललं नाही, कुणी हाक मारली नाही, कारण मी त्यांना काहीही झालं तरी म्हणून शिकवलं होतं. मला माझ्या कमरेची, त्या डिंकाच्या खोलीची, कशाचीच भीती राहिली नाही त्या क्षणी. भीती वाटली ती या पुतळ्यांची. जवळच्या मुलीनं ओठ न हलवता, घाबरत विचारलं, "बाई, टाळी?"

मी छातीवर हात आणले आणि टाळी वाजवली. बारीकच वाजली. मुलं सुटली, पण धावली नाहीत. कुणी खिदळलं नाही. ती चवड्यांवर, भिंतीच्या कडेकडेनं, श्वास दाबून माझ्याजवळ यायला लागली. एकीनं पेल्यात उरलेलं पाणी आणलं होतं आणि तिचा हात कापत होता. जमिनीची एक फळीसुद्धा हलत नव्हती. मी ती चाल ओळखली. "नाही," मी म्हणाले, "असं नाही. पळा." त्यांना कळेना. "पळा ना रे! सकाळी पळता तसं. बाईंना काही होत नाही." मला काय होणार आहे ते माहीत होतं आणि माझे दात आधीच आवळले गेले होते. ती एकमेकांकडे बघत राहिली. मग त्या अर्धवट उठलेल्या पोरानं एक पाय दण्‌कन आपटून पाहिला. तो दणका फळीतून येऊन माझ्या मणक्यात पोचला, डोळ्यांपुढे पांढरं झालं, आणि तोंडातून एक बारीक आवाज येत होता तो मी गिळला.

"आणखी जोरात," मी म्हणाले.